सड्यावरचं रॉकेट आणि अपुरी पेटी : सत्तरीतल्या एका शाळेचं प्रकरण

हे प्रकरण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या एका माध्यमिक शाळेचं आहे. शाळेचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. सामान, मापं आणि काय कशानंतर घडलं तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण शिकण्यासारखं जे आहे ते त्या क्रमातच आहे.

पार्श्वभूमी

शाळेचं विज्ञान मंडळ विज्ञानाच्या शिक्षिका चालवतात. मुलं त्यांना बाई म्हणतात, आपणही तेच म्हणू. मदतीला प्रयोगशाळेचे सहायक. घरची थोडी पोफळीची बाग असलेले, कुठलीही मोडकी वस्तू हातात दिली की तिचं काहीतरी करणारे. त्यांना सगळे काका म्हणतात.

28 फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन शाळेत दरवर्षी भित्तिपत्रकं आणि एका भाषणावर उरकायचा. त्या वर्षी भित्तिपत्रकासाठी मुलं थुंब्याची माहिती काढत होती. 21 नोव्हेंबर 1963 ला केरळातल्या थुंब्याहून नाइकी-अपाची जातीचं रॉकेट सुटलं आणि भारताच्या अवकाश कार्यक्रमाला सुरुवात झाली. त्या काळातलं सायकलच्या कॅरियरवरून रॉकेटचा भाग नेतानाचं छायाचित्र मुलांनी मधोमध चिकटवलं. नववीतल्या एका मुलीने ते पाहून विचारलं, "बाई, सायकलवरून नेलेलं रॉकेट उडतं, तर आपलं का नाही उडणार?"

बाईंनी होकार दिला तेव्हा त्यांच्या डोक्यात रॉकेट होतं. सोबत न्यायच्या सामानाच्या पेटीचा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता. शाळेपासून मोकळा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, साधारण दीड किलोमीटरवर, शेवटचा चढ पायवाटेचा. वर पाणी नाही, सावली नाही, दुकान नाही. विसरलेली वस्तू आणायला निघालं की सकाळ संपली म्हणून समजा.

कोणतं रॉकेट, कुठे : सुरुवातीचे पर्याय

परदेशात शाळकरी मुलं बंदुकीच्या काळ्या दारूच्या तयार मोटरी बसवून पुठ्ठ्याची रॉकेटं उडवतात. मुलांनी तेच व्हिडिओ पाहिले होते. पण काळी दारू म्हणजे स्फोटक. 1884 चा स्फोटक कायदा तिला लागू होतो, आणि विमानाच्या सामानातून ती आणता येत नाही. साखर आणि खत शिजवून घरीच इंधन करायची कल्पना एका पालकांनी मांडली. बाईंनी ती तिथेच बंद केली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत चांगला निर्णय. मुलांच्या हातात ते मिश्रण द्यायचं नसतं. "आम्ही काळजी घेऊ" या शब्दांवर तर मुळीच नाही.

दुसरं कारण आगीचं. फेब्रुवारीअखेर सड्यावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि उतारावर काजू धरलेला असतो. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती. सत्तरीतल्या माणसाला ते दिवस सांगावे लागत नाहीत. सड्याच्या मालकांकडे परवानगी मागायला गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न हाच होता : "बाई, आग नाही ना ह्यात? खाली काजू आहेत माझे." पाण्याचं रॉकेट म्हटल्यावर ते हसून हो म्हणाले, आणि उडवताना स्वतः येऊन बसले.

म्हणून पाण्याचं रॉकेट ठरलं. सोड्याची रिकामी बाटली, तिच्यात एक तृतीयांश पाणी, उरलेल्या जागेत पंपाने भरलेली हवा. बाटली उलटी लाँचरवर बसवायची. सोडली की दाबलेली हवा पाणी खाली ढकलते आणि बाटली वर जाते. जळण्यासारखं त्यात काही नाही. पण दाब आहे, आणि "पाण्याचं आहे, त्यात काय?" असं वाटणं हीच पुढच्या गोंधळाची सुरुवात होती.

जागेचा विचार लवकर आटोपला. शाळेचं मैदान लहान, एका बाजूला कौलं आणि दुसरीकडे विजेच्या तारा. खालच्या शेतांत वायंगणाचं भात उभं. पेडण्याकडे मोठे सडे आहेत, पण मोपाचा विमानतळ जवळ, म्हणून तिकडचा विषय कुणी काढू नये असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. समुद्रकिनारा मुलांना फार हवा होता. वाळू व्हॉल्व्हमध्ये शिरते आणि सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर माणसं हटवता येत नाहीत, एवढ्यावर तो सुटला. राहिला जवळचा सडा.

लाँचर

पुढचं समजायला लाँचर डोळ्यांपुढे यायला हवा. प्लायवूडच्या फळीवर अर्ध्या इंचाच्या यूपीव्हीसी पाइपचा उभा तुकडा. हा पाइप बाहेरून 21 मिलिमीटरपेक्षा किंचित जाड असतो आणि सोड्याच्या बाटलीच्या तोंडात जेमतेम बसतो. गरम पाण्याचा पिवळट सीपीव्हीसी पाइप त्याच अर्ध्या इंचाच्या नावाने मिळतो, पण तो बाहेरून बराच बारीक असतो आणि बाटलीत लडबडतो. उभ्या पाइपवर खाच करून रबरी ओ-रिंग, म्हणजे बाटलीच्या तोंडाशी हवा अडेल. पाइपभोवती केबल टायचं, म्हणजे वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचं, कुंपण. त्यांची डोकी बाटलीच्या गळ्यावरच्या कडीला वरून धरतात. टाय बाहेर फाकू नयेत म्हणून त्यांच्यावर जाड पाइपचं एक सरकतं कडं. कड्याला दोरी. दोरी ओढली की कडं खाली घसरतं, टाय फाकतात, बाटली सुटते.

हवा नेण्यासाठी काकांनी घरची फवारणीची जुनी नळी आणली. पोफळीवर बोर्डो मिश्रण मारायला लागणारी ही विणीची नळी रॉकेटच्या दाबाला सहज पुरते. तुकडा पाच मीटरचा होता आणि तो तोडायला काकांचं मन होईना, म्हणून पूर्ण पाच मीटर ठेवला. तिच्या टोकाला स्कूटरच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला. या दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली फेरी

विज्ञान दिनाच्या आधीच्या शनिवारी सगळे सड्यावर गेले. सामान आदल्या संध्याकाळी भरलं होतं. भरलं म्हणजे काय, तर प्रत्येकाने आपल्याला महत्त्वाचं वाटलं ते एका मोठ्या कापडी पिशवीत टाकलं. यादी फळ्यावर लिहिली होती. फळा अर्थातच वर्गात राहिला.

वर पोचल्यावर पहिली अडचण पंपाची. दाबाचं मीटर असलेला पायाचा पंप शारीरिक शिक्षणाच्या सरांचा. ते फुटबॉल फुगवायला तो घेऊन गेले होते. बदली म्हणून एका मुलाने घरच्या सायकलचा पंप आणला. जुन्या सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा, स्कूटरचा वेगळा. पंपाच्या नळीचं आट्यांचं तोंड स्कूटरच्या व्हॉल्व्हवर बसेना. एक मुलगा धावत खाली तिठ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेला आणि मीटरचा पंप मागून आणला. तेवढ्यात ऊन चढलं. सकाळचा शांत वेळ, ज्यासाठी सगळे पहाटे उठले होते, पंपाने खाल्ला.

पाण्याचंही तसंच. सव्वादोन लिटरच्या बाटलीला दर उड्डाणाला पाऊण लिटर लागतं. वर नेलेले दोन कॅन हिशेबाने पुरेसे होते, पण ते प्यायचे की रॉकेटचे हे कुणी ठरवलं नव्हतं. पंपाची वाट पाहता पाहता मुलांनी एक कॅन रिकामा केला. उन्हात तहानलेल्या मुलांना कोण काय म्हणणार? बोलायला हवं होतं ते आदल्या दिवशी.

पहिली दोन उड्डाणं सुंदर झाली. ज्यांनी पाण्याचं रॉकेट कधी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं की ते सुटताना दिसत नाही. जाग्यावर पांढरा फवारा राहतो आणि बाटली आधीच वर, लहान झालेली असते. मालकांनी टाळ्या वाजवल्या.

तिसरी बाटली नवी होती, आदल्या संध्याकाळी दुकानातून आणलेली. पंप मारला तशी ती तीन-चार मिलिमीटर वर सरकली आणि तोंडाशी पाणी फसफसून बाहेर यायला लागलं. दाब धरेचना. दुसरी नवी बाटली लावली, तेच. कारण नंतर शाळेत मोजल्यावर कळलं. सोड्याच्या बाटल्यांचे गळे दोन मापांचे येतात : जुन्या धर्तीचा सुमारे 21 मिलिमीटर उंच, नवा आखूड, सुमारे 17. प्लास्टिक वाचावं म्हणून कंपन्यांनी गळा आखूड केला. तोंडाच्या व्यासात फरक नाही, त्यामुळे वरवर पाहून कळत नाही. पण लाँचरचे टाय जुन्या गळ्याच्या उंचीवर बांधलेले, त्यामुळे आखूड गळ्याची बाटली दाबाखाली वर सरकते आणि ओ-रिंग तोंडाच्या काठाशी येऊन गळते.

मग पुन्हा जुनी बाटली लावली. मीटरवर 60 पीएसआय. उलटी मोजणी झाली, मुलाने दोरी ओढली. काहीच झालं नाही.

दाबाखाली अडकलेलं रॉकेट

हा या प्रकरणाचा गाभा, म्हणून जरा सावकाश सांगतो.

60 पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चार किलोच्या थोडं वर. बाटलीच्या तोंडाचं क्षेत्रफळ 3.7 चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की कळतं, बाटली टायना साधारण पंधरा किलोच्या ओढीने वर खेचते आहे. टाय त्या ओढीने बाहेर फाकू पाहतात आणि कड्याला आतून घट्ट दाबतात. कडं कोरडं आणि स्वच्छ असेल तर तरीही घसरतं. पण आधीच्या दोन उड्डाणांनी लाँचरभोवती चिखल उडाला होता, आणि सड्यावरची माती म्हणजे जांभ्याची लाल खर. ती कडं आणि टाय यांच्यात शिरली होती.

मुलाने दोरी आणखी जोरात ओढली. सड्याच्या कातळात खुंट्या ठोकता आल्या नव्हत्या. फळीवर चार दगड ठेवले होते इतकंच. दोरी कड्याला, म्हणजे वरच्या बाजूला बांधलेली. ओढ बसताच अख्खा लाँचर दोरी ओढणाऱ्याच्या दिशेने कलला, आणि भरलेली बाटली त्या मुलाकडे आणि त्याच्यामागे उभ्या दहा-बारा मुलांकडे वळली.

"दोरी सोड! सगळे मागे या, माझ्या पाठी!" बाई ओरडल्या. मुलाने दोरी टाकली, लाँचर धपकन सरळ बसला. मग जी शांतता झाली ती सगळ्यांना आठवते.

समोर पर्याय किती होते? दोरी दुसऱ्या बाजूने ओढायची. पण लाँचर परत कलणार, फक्त दुसरीकडे. काकांनी जवळ जाऊन काठीने कडं खाली पाडायचं. ते तयारही झाले होते. लांबून दगड मारायचे, ही मुलांची सूचना. नाहीतर हवा आपोआप निघेपर्यंत थांबायचं. पण जुनी बाटली आणि ओ-रिंग दोन्ही चांगल्या, दाब किती वेळ राहील सांगता येत नव्हतं, आणि उन्हात बाटली तापून दाब वाढतो. शेवटचा पर्याय म्हणजे दुसऱ्या टोकाने हवा सोडणं.

बाईंनी काकांना जाऊ दिलं नाही. काका त्यांच्याहून वयाने मोठे. तरी "काका, तुम्ही नाही जायचं" एवढंच म्हणाल्या आणि हात धरला. दाबाखालच्या रॉकेटजवळ कुणी जायचं नाही, हा नियम त्यांनी आधी वाचला होता, पण तो पाळायची वेळ येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

हवा सोडायची तर व्हॉल्व्ह पंपाच्या टोकाला, पाच मीटरवर. काकांना नळी तोडवली नाही म्हणून तो तिथे होता. नळी अर्धा मीटर असती तर तोही पर्याय उरला नसता. पंपाचं तोंड काढलं की स्कूटरचा व्हॉल्व्ह आपणहून बंद होतो. आतली बारीक पिन दाबून धरावी लागते. पिशवीत ना खिळा, ना स्क्रू ड्रायव्हर. शेवटी एका मुलीच्या कंपासपेटीतलं कर्कटक निघालं. बाईंनी जमिनीवर आडवं होऊन, बाटलीकडे पाठ न करता, कर्कटकाच्या टोकाने पिन दाबली. आधी हवा नाही, पाणीच आलं. बाटली उलटी असल्याने तोंडाशी पाणीच असतं. ते तेवढ्याशा छिद्रातून चिळकांड्या उडवत यायला कितीतरी मिनिटं गेली. मग फुस्स करत हवा, आणि तीही पूर्ण थांबल्यावर काकांनी जाऊन कडं खाली दाबलं. त्याला बोटांनी दोन्ही बाजूंनी हलवावं लागलं.

शिल्लक पाणी होतं, चांगल्या बाटल्या होत्या, मुलं आणखी एकदा म्हणून विनवत होती. बाईंनी सामान आवरायला सांगितलं.

परत आल्यावर

सोमवारी मुख्याध्यापकांनी कार्यक्रम रद्द करायचं सुचवलं, आणि त्यांची भीती रास्त होती. बाईंनी त्यांच्यापुढे दोन पानं ठेवली : काय झालं, कशामुळे, आणि काय बदलेपर्यंत पुन्हा सड्यावर जाणार नाही. मग असं ठरलं की विज्ञान दिनाला उड्डाण नाही. त्या दिवशी मुलं लाँचर मांडून दाखवतील आणि काय बिघडलं ते सगळ्या शाळेला सांगतील. उड्डाण नंतर, तालीम पार पडली तरच. पालकांपुढे बिघाड मांडायला मुलं आधी लाजत होती, पण कड्यातली लाल खर भिंगाखाली दाखवायला सर्वांत जास्त गर्दी झाली.

मी मदतीला आलो तो या टप्प्यावर. लाँचर दुरुस्त करायला फारसं काही लागणार नव्हतं. प्रश्न पेटीचा होता. पहिल्या पिशवीत रॉकेट उडवायला लागणारं जवळजवळ सगळं होतं, आणि न उडालेल्या रॉकेटसाठी काहीच नव्हतं. सगळी नवी मांडणी आम्ही याच धाग्याने केली : प्रत्येक पायरीला "आणि हे झालं नाही तर?" असं विचारायचं, आणि उत्तरात जी वस्तू येईल ती पेटीत घालायची.

पेटी पुन्हा भरताना

एका पिशवीऐवजी तीन पेट्या केल्या, आणि त्या वस्तूंच्या जातीप्रमाणे नव्हे, तर माणूस जिथे उभा असेल त्या जागेप्रमाणे लावल्या. पंपाची पेटी, लाँचरची पेटी, मोजमापाची पेटी. पंपाजवळच्या माणसाला जे लागेल ते त्याच्या हाताशी असलं पाहिजे. त्यासाठी त्याने भरलेल्या रॉकेटसमोरून चालत जाता कामा नये. सुरुवातीला मुलांना हे पटेना, कारण सगळी हत्यारं एकत्र असणं नीटनेटकं दिसतं. जागेवर उभं राहून दाखवल्यावर पटलं.

पंपाच्या पेटीत आता मीटरचा पंप शाळेचा स्वतःचा, कुणाकडून मागितलेला नाही. नळीच्या पंपाकडच्या टोकाला टी आकाराचा जोड लावून नळाचा छोटा बॉल व्हॉल्व्ह बसवला. मूठ फिरवली की पाणी आणि हवा धडाक्याने बाहेर. पिन दाबत बसायला नको. शिवाय व्हॉल्व्हची जादा पिन, ती काढायची चावी, एक शिटी आणि संरक्षक चष्मे. चष्मे पंप मारणाऱ्याला आणि दोरी ओढणाऱ्याला घालावेच लागतात.

लाँचरच्या पेटीत जादा ओ-रिंग, केबल टाय, कात्री, दोरी, जुना टॉवेल आणि बाटली धुवायचा ब्रश. टॉवेल आणि ब्रश ही या पेटीतली सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची सामग्री : दर उड्डाणानंतर कडं काढून पुसायचं, टायच्या मागे ब्रश फिरवायचा. चिखलच उडू नये म्हणून लाँचरखाली जुन्या फ्लेक्सचा मोठा तुकडा अंथरायचा. खुंट्या सोडून दिल्या. चार रिकाम्या गोणी न्यायच्या आणि सड्यावरच्या दगडांनी भरून फळीवर टाकायच्या. दगड वाहून न्यायचे नाहीत, गोणींना वजन नाही. दोरी आता फळीला बसवलेल्या कडीतून खाली वळवून घेतली आहे, त्यामुळे ओढ खालच्या बाजूला बसते आणि लाँचर कलत नाही.

बाटल्यांसाठी मुलांनी पुठ्ठ्याची मापपट्टी कापली. तोंडापासून कडीपर्यंत पट्टी बसली तर बाटली पेटीत, नाहीतर भंगारात. दुकानातच मापायचं, घरी आणून नाही. शिवाय दर बाटली आधी काठोकाठ पाण्याने भरून शाळेच्या मागे 90 पीएसआयपर्यंत तपासायची. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे अशी बाटली फाटली तरी उडत नाही, नुसती भसकन गळते. तपासलेल्या बाटलीवर मार्करने खूण, पुढे दर उड्डाणाला एक रेघ. ओरखडा, चुरगळ किंवा पांढुरका डाग दिसला की ती बाद. बिनगॅसच्या पाण्याच्या पातळ बाटल्या मुळातच नाहीत. पंख गरम गोंदाने चिकटवायचे नाहीत, उष्णतेने बाटलीची भिंत कमजोर होते; दुहेरी चिकटपट्टी पुरते.

पाण्याचा हिशेब कॅनवरच लिहिला. बारा उड्डाणं, पाऊण लिटरप्रमाणे नऊ लिटर, धुवायला दोन. ते निळ्या झाकणाच्या कॅनमध्ये. प्यायचं पाणी ज्याचं त्याच्या बाटलीत, शिवाय एक वेगळा कॅन काकांच्या ताब्यात.

याद्या पेट्यांच्या झाकणाला आतून चिकटवल्या. पण यादीवर माझा फारसा भरवसा नाही. माणूस यादी वाचून "आहे, आहे" म्हणत जातो. खरी परीक्षा तालमीची. तीनही पेट्या घेऊन मुलं शाळेच्या मागच्या अंगणात उतरली, प्रयोगशाळेला कुलूप लावलं, किल्ली मुख्याध्यापकांकडे. आता पेटीतलंच वापरून फक्त 15 पीएसआयवर पूर्ण उड्डाण करायचं. पहिल्याच तालमीत पाणी मोजून ओतायला भांडं नाही हे कळलं. दुसऱ्या वेळी बाईंनी मुद्दाम कडं दोरीने बांधून ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. दोरी ओढली, काही झालं नाही. पंपावरच्या मुलीने शिटी मारली, व्हॉल्व्ह उघडला, बाटली रिकामी झाली. तिने बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी सड्यावर जायचं नक्की झालं.

दुसरी फेरी

मार्चचा पहिला आठवडा. मतलई वारा पडायच्या आणि खारा वारा वर चढायच्या मधल्या शांत वेळेत उडवायचं म्हणून सकाळी लवकर पहिलं रॉकेट लावलं. ओझ्याची वाटणी आधीच केलेली. पाणी सायकलवर चढापर्यंत आणि पुढे दोघांत एक कॅन.

एकदा ओ-रिंगमधून गळती लागली. पंपावरच्या मुलीने मूठ फिरवली, दाब शून्य झाल्यावर रिंग बदलली, पुढचं उड्डाण थोड्याच वेळात. कडं एकदाही अडकलं नाही.

उंची मोजायला कोनमापकाला ओळंबा बांधलेलं साधं यंत्र होतं. मुलगा लाँचरपासून 40 मीटरवर उभा. सर्वांत उंच उड्डाणाला 42 अंश आले. 42 अंशाची टँजंट 0.90, म्हणजे 36 मीटर, त्यात मुलाच्या डोळ्यांची उंची मिळवली की सदतीसच्या पुढे. हे गणित त्याने तिथेच कातळावर बसून वहीत केलं आणि मालकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माझ्या माडाच्या दुप्पट!" ओळंबा वाऱ्याने हलतो, त्यामुळे आकडा एखाद-दोन मीटर इकडेतिकडे होणार, पुढच्या वेळी दोघांनी दोन बाजूंनी मोजायचं ठरलंय.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या फेरीत थांबायचा निर्णय बरोबर होता, पण तो बाईंच्या स्वभावावर टिकला. थांबवायचा अधिकार कुणाचा हे आधी ठरलेलं नव्हतं. आता तो पंपावरच्या मुलाकडे किंवा मुलीकडे आहे, कारण दाब त्यांच्या हातात असतो आणि रॉकेट उडावं अशी घाई त्यांनाच सर्वांत कमी असते. शिटी वाजली की बाईंनीसुद्धा मागे व्हायचं.

मुलांना उभं करायची जागा दोरीच्या मागे होती, ही मांडणीची चूक. दोरी ओढणारा जिथे असतो त्याच दिशेला लाँचर कलण्याची शक्यता सर्वांत जास्त. प्रेक्षक आडव्या बाजूला, पंधरा पावलांवर हवेत. दुसऱ्या फेरीत तसं केलं. लाँचरखालच्या फ्लेक्ससारखाच आणखी एक तुकडा तिथे अंथरला, म्हणजे रेषा सांगावी लागत नाही.

पाण्याची चाचणी पहिल्याच दिवशी करता आली असती. तेव्हा आखूड गळ्याची गळती शाळेतच दिसली असती आणि सड्यावरचा वेळ वाचला असता. पंपाचं तोंड आणि व्हॉल्व्ह जुळतात का हेही त्याच वेळी कळलं असतं.

एक मतभेद अजून आहे. काकांचं म्हणणं, पाच मीटर नळी पुरे. लांब केली की पंप जास्त मारावा लागतो. मला दहा मीटर हवी आहे. बॉल व्हॉल्व्हमुळे जवळ जायची वेळ येत नाही हे काकांचं बरोबर, पण बाटली लाँचरवरच फुटली तर पाच मीटर मला कमी वाटतं. तूर्त पंप एका मोठ्या दगडाच्या आडोशाला ठेवतात.

पावसाळ्यापूर्वी पेट्या आवरतानाचं कामही मुलांनी वाटून घेतलं आहे. ओ-रिंग लाँचरवर ताणलेली ठेवायची नाही, काढून डबीत. व्हॉल्व्हच्या पिना पुसून, तेलाचं बोट लावून प्लास्टिकमध्ये. दोरी आणि टॉवेल उन्हात वाळवून, नाहीतर जूनच्या दमटपणात बुरशी धरते. रेघा भरलेल्या बाटल्या भंगारात. आणि पायाचा पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात, वर चिठ्ठी : फुटबॉलसाठी नाही.